दुपारचं वाचन

यामिनी रहांगडाले वाचत होती, आणि ओळींवरून सरकणारी बाकीच्यांची बोटं एकेक करून थांबत चालली होती.

माझंही बोट थांबलं. आधी वाटलं, आपलंच पान चुकलं. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. शेजारी बसलेल्या ब्राह्मणकर बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. त्यांचंही पान तेच होतं. यामिनी मात्र मान खाली घालून, एका लयीत, कुठेही न अडखळता वाचत होती :

"दोर अंबाडीचा आहे. सकाळी तलावावर अंघोळ घालतात तेव्हा तो भिजतो, आणि भिजला की आवळतो. समोर मोहाचं झाड आहे. त्याला लाल चिंध्या बांधल्या आहेत. वारा नसला तरी त्यातली एक हलते. माणसं जेवायला गेली की सगळं शांत होतं. मग मी ऐकत बसते. मी मामाच्या गावाला गेले असं आई सगळ्यांना सांगते. मी मामाच्या गावाला नाही."

"यामिनी," मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. "काय मॅडम? चुकलं का?"

"तू कुठून वाचतेस?"

तिनं बोट ठेवलं. त्याच पानावर, बरोबर जागी. तिथं छापलेलं होतं की नीरानं वल्हं पाण्यात टाकलं आणि बेटाच्या दिशेनं नाव वळवली. आमच्या पुस्तकात मोहाचं झाड नव्हतं. मामा नव्हता. सगळं पुस्तक 'नीरा गेली, नीरा म्हणाली' असं लिहिलेलं, त्यात 'मी' कुठेच नव्हता.

"हेच तर वाचलं मी," यामिनी म्हणाली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून तिचा आवाज बारीक झाला. "हेच वाचलं ना?"

मागच्या बाकावरून तुरकर सर मोठ्यानं हसले. "रहांगडाले मॅडम, नोकरी सोडा जी अन् झाडीपट्टीच्या नाटकात जा. काय पार्ट केला! अंगावर काटा आला माझ्या."

त्या हसण्यानं वर्ग सैलावला. मीही हसले. पण ब्राह्मणकर बाई उठल्या आणि तलावाकडची खिडकी लावून आल्या.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावची. मी तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं काम करत असे. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर शिक्षक गोळा करायचे आणि त्यांच्याबरोबर कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी वाचायच्या, त्यांवर बोलायचं, असं ठरलं होतं. शिक्षकांना सुट्टी गेल्याचा राग होता. तो पहिले दोन दिवस चहावर निघाला, मग पुस्तकावर.

पुस्तक होतं 'बेटावरची नीरा'. बाप शाळा सोडायला लावतो म्हणून तेरा वर्षांची एक मुलगी नाव वल्हवत धरणातल्या बेटावर जाते आणि तिथं एकटी राहते, अशी ती गोष्ट. रोज जेवणानंतर आम्ही आळीपाळीनं एकेक पान मोठ्यानं वाचत असू आणि मग वाद घालत असू.

वादात सगळ्यांत पुढे खेमराज तुरकर. माणूस उमदा, गावात वजन, पोरांत प्रिय. सातवीला शिकवायचे. पण हे पुस्तक त्यांना पहिल्या पानापासून खुपलं. "तेरा वर्षांच्या पोरीनं बापाला न सांगता घर सोडायचं, हे आपण शिकवायचं?" ते म्हणाले होते.

"शिकवायचं कुठे आहे, सर? वाचायचं आहे," ब्राह्मणकर बाई म्हणाल्या. बाई निवृत्तीला आलेल्या, विधवा, बोलायला सडेतोड.

"एकच झालं. असली पुस्तकं पोरींच्या हाती देऊ नयेत. डोक्यात वारं शिरते."

"त्यांच्या डोक्यात काय आहे ते तुम्ही कधी विचारलं का?"

"माझ्या वर्गातल्या पोरींचं मला सगळं माहीत असते, बाई." तुरकर सर हे अभिमानानं म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. पोरींच्या बापांशी भांडून त्यांनी त्यांना शाळेत टिकवल्याच्या हकिगती सगळा तालुका सांगायचा.

यामिनी या वादांत कधी पडत नसे. नवी शिक्षणसेविका, तेवीस-चोवीस वर्षांची, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या जंगलातल्या शाळेवर नेमलेली. डबा एकटीच खायची. आवाज मात्र असा स्वच्छ, की तिची पाळी आली की पेंगणारेही सरळ बसायचे.

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही याची मला शंका होती. आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "मॅडम, मी मुद्दाम नाही केलं. रात्री मी ते पान आरशासमोर पुन्हा वाचून बघितलं. बरोबर वाचलं. तुम्ही आज पुन्हा वाचायला लावा. नाहीतर हे सगळे मला वेडी म्हणतील."

मी तिला माझी प्रत दिली आणि तुरकर सरांना तिच्या शेजारी बसवलं. "सर, तुम्ही ओळीवर बोट धरा. चुकली की थांबवा." ते हसत येऊन बसले. सगळ्यांना गंमत वाटत होती. शाळेबाहेर धान कापणीचा वास पसरला होता, कुठंतरी मळणीचं यंत्र चालू होतं. यामिनीनं वाचायला सुरुवात केली आणि अर्धं पान छापल्याबरहुकूम वाचलं. नीरा बेटावर उतरते, ओली लाकडं पेटत नाहीत, ती रडते. तुरकर सरांचं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं.

मग मळणीचं यंत्र बंद पडलं.

बाहेर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत यामिनीचा आवाज पुढे गेला. आवाज तिचाच होता, स्वच्छ, पण वाचणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता. कुणाला तरी जवळ बसून सांगावं तसा झाला होता.

"आज त्यांनी माझ्या तोंडात निंबाचा पाला कोंबला. मी ओरडले म्हणून. वर्गात मी फार बोलायची. गुरुजी मला टिटवी म्हणायचे. टिटवी ओरडली की काहीतरी होणार, असं म्हणून हसायचे. आता मी ओरडते तर कुणी येत नाही. गुरुजी माझ्या घरी आले होते. मी आतल्या खोलीत होते. आई म्हणाली, मामाकडे गेली. गुरुजींनी पाणी प्यायलं आणि गेले."

तुरकर सरांचं बोट पुस्तकावरच होतं. 

"थांबवा तिला," ते म्हणाले. "मॅडम, थांबवा."

यामिनी आपोआपच थांबली. तिनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "सर, पुन्हा झालं का?"

ते उठले आणि व्हरांड्यात गेले. मी मागोमाग गेले. खांबाला धरून ते उभे होते.

"तुम्ही या मुलीला काही बोलला होता का? तुमच्या वर्गाबद्दल?" मी विचारलं.

"मी यांचं नाव सोमवारी पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मोनाली शेंडे. माझ्या वर्गात आहे. मीच तिला टिटवी म्हणतो. दुसरं कोणीच म्हणत नाही. मागं एक दिवस वर्गातच पडली, तोंडाला फेस आला. पोरं भिऊन पळाली. मी तिच्या मायला सांगितलं, डॉक्टरला दाखवा. ती हो म्हणाली. दसऱ्यापासून पोरगी शाळेत नाही. मी घरी गेलो. माय म्हणाली, बालाघाटले मामाकडे धाडली. मी…" ते थांबले. "पाणी दिलं त्यांनी. मी प्यालो."

"आणि मोहाचं झाड?"

"आमच्या गावाच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, एका बाबाचं ठाणं आहे. लागिर झालेल्या माणसांना तिथं नेतात. तिथं मोह आहे."

ब्राह्मणकर बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी म्हणाले, "आधी पोलिसांत सांगायला हवं."

"काय सांगाल?" बाई म्हणाल्या. "एका मास्तरणीनं पुस्तकात नसलेलं वाचलं, म्हणून चला? आधी बघून येऊ. मुलगी तिथं नसली तर आपण चौघंच वेडे ठरू, गाव नाही."

चौघं, असंच त्या म्हणाल्या. यामिनी तोवर चपला घालून तयार होती.

चौकातून एक जीप ठरवली.  दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, त्यांत उतरलेले बगळे. एका वळणावर तुरकर सर ड्रायव्हरला रस्ता सांगणार, तेवढ्यात यामिनी म्हणाली, "डावीकडे," आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ती त्या भागात कधी आली नव्हती.

पाळीखाली जीप थांबली. टिनाचं छप्पर टाकलेली एक लांब ओसरी, समोर शेंदूर फासलेले दगड, आणि मोहाचं जुनं झाड. लाल चिंध्या. वारा अजिबात नव्हता. एक चिंधी हलत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ठाण्यावरची जेवणं उशिरा होत असावीत, माणसं पांगली होती. ओसरीच्या शेवटच्या खांबापाशी एक बाई बसून वरण-भात कालवत होती. तिच्या पुढ्यात मुलगी. केस कापलेले, ओठांना चिरा, पायात दोर. दोर खांबाला.

तुरकर सरांना पाहताच बाईच्या हातातली ताटली कलंडली. "गुरुजी… मामाकडे होती जी, कालच आणली…"  तिनं पदर तोंडात कोंबला.

"दवाखान्यात नेते म्हणाली होतीस तू," तुरकर सर म्हणाले.

"मोठीचं जमलं आहे जी, गुरुजी. पोरगा नोकरीवाला आहे. घरात फिट येणारी पोर आहे म्हणून समजलं तं मोडते. हिचा बाप म्हणाला, लगन होईपर्यंत बाबाकडे ठेवू. बाबा म्हणाला, लागिर आहे, उतरते. बरी झालीच होती जी. फिट बी कमी झाली होती. पण आता हे नवीन सुरू झालं."

"काय नवीन?" मी विचारलं.

"रोज दुपारी कान लावून बसते. म्हणते, बाई पुस्तक वाचून ऱ्हायली. चूप बसा, मले ऐकू द्या. मधातच मोठ्यानं सांगू लागते, माझं बी सांगा, माझं बी सांगा. कोणाले सांगते, काय माहीत. बाबा म्हणाले, हेच मोठं लागिर. याचसाठी दोर बांधला. पहिले बांधला नव्हता जी. या चार दिवसांतच बांधला."

 वाचन सुरू होऊन चारच दिवस झाले होते.

मुलगी आमच्याकडे बघत नव्हती. ती फक्त यामिनीकडे बघत होती. बराच वेळ बघून झाल्यावर, चिरलेल्या ओठांनी, अगदी घरातल्यासारखं तिनं विचारलं, "बाई, रोज एवढं वाचता, तुमचा घसा नाही का बसत?"

यामिनी तिच्यासमोर खाली बसली आणि रडू लागली.

तुरकर सर दोर सोडू लागले. भिजून आवळलेली गाठ त्यांच्या नखांना दाद देईना. तेवढ्यात बाबा आला. म्हातारा, पांढरं धोतर, हात धुऊन आलेला. आरडाओरडा त्यानं केला नाही. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, मुदतीच्या आधी सोडली तं पुढचं तुमच्या माथी. तिच्या कानात कोणी बोलते, ते तुमाले ठाऊक नाही."

"आम्हीच बोलतो," ब्राह्मणकर बाई म्हणाल्या. त्यांनी ओसरीवर पडलेला कुणाचा तरी विळा उचलला आणि दोर कापला.

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिला. मला आजही वाटतं, त्या दिवशी त्या जागी सगळ्यांत जास्त तो घाबरला होता.

पुढचं आधीच सांगून टाकते. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मोनालीला तपासलं आणि सांगितलं की हा फेफऱ्याचा आजार आहे, गोळ्या नियमानं घेतल्या तर ताब्यात राहतो. तो राहिला. प्रशिक्षणातलं वाचन पुढेही चालू होतं, पण गोळ्या लागू पडल्यावर तिचं दुपारचं ऐकू येणंही थांबलं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं, असं तिनंच मला पुढे सांगितलं. तुरकर सरांनी रीतसर तक्रार केली, बाबाच्या ठाण्यावरची ओसरी उतरवली गेली, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. यामिनी अजून नोकरीत आहे. वर्गात ती स्वतः कधी मोठ्यानं वाचत नाही, मुलांना वाचायला लावते आणि बोट ठेवून ऐकते. हे कसं घडलं याचा उलगडा मला झालेला नाही. झाला असता तर ही हकिगत मी कधीच विसरले असते.

मला सांगायची आहे ती दवाखान्यातली सकाळ. मोनालीला घरी सोडायचा दिवस होता. आम्ही चौघंही गेलो होतो. ती पलंगावर बसली होती, पायाला पट्टी. आई दाराशी जमिनीवर, मांडीवर कपड्यांची पिशवी. बाप बाहेर बैलगाडीपाशी थांबला होता, आत यायला तयार नव्हता.

तुरकर सरांनी केळी आणली होती.  घड पुढे करत म्हणाले, "कशी आहे, टिटवी?"

तिनं त्यांच्याकडे जरा भीतभीतच पाहिलं. "गुरुजी, तुमी म्हणाले होते ना, हे पुस्तक पोरीयच्या हाती देऊ नये. मी हाती नाही घेतलं जी. नुसतं ऐकलं."

तुरकर सर केळ्यांचा घड तसाच धरून उभे राहिले. मग तो खाली ठेवला, माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिच्या दोन्ही हातांत दिलं.  चष्मा काढून पुसत राहिले.

"पण पुढचं राहिलं," मोनाली म्हणाली. "ते नाही ऐकू आलं. नीरा बेटावर आहे, अन् पलीकडून कंदील हलते, तिथवरच झालं."

यामिनीनं मान हलवली. तिला वाचणं शक्य नव्हतं. म्हणून शेवटचं प्रकरण मी वाचलं. सुंदर प्रकरण आहे ते. काठावर कंदील घेऊन बाप उभा असतो. नीरा नाव वळवते. बाप कमरेइतक्या पाण्यात शिरतो, तिला उचलून घेतो, आणि म्हणतो, चल घरी. आमच्या प्रशिक्षणाच्या टिपणात त्यापुढे मीच लिहिलं होतं : आशादायी शेवट, मुलांना धीर देणारा.

मी वाचून थांबले. शेजारच्या पलंगावरची म्हातारीसुद्धा ऐकत होती. मोनालीनं शेवटच्या पानावरचं चित्र बराच वेळ बघितलं.

"ती घरी कायले गेली जी, मॅडम?" तिनं विचारलं.

मला वाटलं, तिला नीट कळलं नसावं. "बाप न्यायला आला ना तिला. त्याला पस्तावा झाला होता."

"ते समजलं मले. पण ती गेली कायले?"

इतकी वर्षं मी शिक्षकांना सांगत आले होते की मुलांचा प्रश्न टाळू नका. मी ब्राह्मणकर बाईंकडे पाहिलं, बाईंनी तुरकर सरांकडे.  बाहेर बापानं बैलांना हाक दिली. घुंगरं वाजली.

उत्तर दाराकडून आलं.

"तू नको येऊ," तिची आई म्हणाली.

आधी मला कळलंच नाही कोण बोललं ते. बाई उठून उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती मुलीकडे न बघता, भिंतीकडे बघून बोलत होती.

"मोठीचं लगन होऊन जाऊ दे. त्याच्यानंतर बी नको येऊ. बाप बोलवाले आला तरी नको येऊ. मी बोलवाले आली, रडली, तरी बी नको येऊ. समजलं का?"

 आईनं मांडीवरून उतरवलेली पिशवी उचलली, ब्राह्मणकर बाईंच्या हातात दिली, आणि एकटीच बैलगाडीकडे गेली.